वायफाय लावणारा माणूस गेल्यावर करायची कामं

फायबरचं नवं कनेक्शन लावायला आलेला माणूस शेवटी दोन प्रश्न विचारतो. नाव काय ठेवू? पासवर्ड काय ठेवू? आपण दुसरंच काहीतरी करत असतो, तिथूनच सांगतो, "आडनाव टाका आणि माझा मोबाइल नंबरच ठेवा, लक्षात राहतो." तो ते टाकतो, स्पीड टेस्ट दाखवतो, ओटीपी घेतो आणि पुढच्या घरी जातो. त्याला दोष देऊ नये. इंटरनेट चालू करून देणं एवढंच त्याचं काम. ते नीट बंदिस्त करणं घरातल्या कुणीतरी करायचं असतं, आणि बहुतेक घरांत ते कुणीच करत नाही.

त्यासाठी संगणकातलं फार काही यावं लागत नाही. फोनवरून लाइट बिल भरता येत असेल तर हेही जमेल. घरात कुणाची मीटिंग किंवा मॅच चालू नसेल असा निवांत तास मात्र काढा.

तो घरात असतानाच

वायर ज्या खिडकीतून आत येते त्याच खिडकीजवळ राउटर ठोकण्याकडे या मंडळींचा कल असतो. भोक पाडायच्या आधीच सांगा की वायर जास्त लागेल. राउटर घराच्या साधारण मध्यावर, उंचावर आणि मोकळ्यावर हवा. पॅसेजमधल्या कपाटावरची जागा सहसा उत्तम. टीव्ही युनिटच्या आत, फ्रिजच्या मागे, मोठ्या आरशाजवळ किंवा मायक्रोवेव्हला लागून नको. धातू आणि पाणी हे वायफायचे शत्रू आहेत, आणि मायक्रोवेव्ह तर वायफायच्याच २.४ गीगाहर्ट्झच्या आसपास काम करतो. जुन्या वाड्याच्या जाड दगडी भिंती किंवा आरसीसीचे कॉलम असतील, तर एका राउटरकडून शेवटच्या खोलीपर्यंत रेंजची अपेक्षा ठेवू नका. बाहेर अँटेना असतील तर त्या उभ्या ठेवा. अँटेनाच्या टोकाकडे सिग्नल सगळ्यात कमी जातो, आजूबाजूला जास्त.

फायबरची वायर तांब्याच्या वायरसारखी कोपऱ्यात काटकोनात मुडपायची नाही. आत केसाइतकी काच असते, ती तुटते किंवा प्रकाश गळतो. राउटरमध्ये जाणारं हिरवं टोक उगाच काढून बघू नका आणि काढलंच तर त्याच्या तोंडात डोळा घालू नका. आतला लेझर डोळ्याला दिसत नाही, म्हणून तो नाही असं होत नाही.

माणूस जायच्या आधी त्याच्याकडून तीन गोष्टी वहीत लिहून घ्या. कनेक्शनचं युजरनेम आणि पासवर्ड, राउटरच्या आतल्या पानावर शिरायचा पासवर्ड, आणि उद्या स्वतःचा राउटर आणला तर मॅक (म्हणजे प्रत्येक उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक) बदलून द्यायला कुणाला फोन करायचा. गल्लीतल्या केबलवाल्यांकडे बरेचदा कनेक्शन एकाच डब्याच्या मॅक पत्त्याला बांधलेलं असतं. नवा राउटर लावल्यावर सगळे दिवे हिरवे आणि इंटरनेट शून्य, असं झालं तर आधी हे विचारा. डब्याच्या पोटाला चिकटवलेल्या स्टिकरचा फोटोही काढून ठेवा. वर्षभरात त्यावरची अक्षरं पुसट होतात.

दिव्यांपैकी दोनच ओळखायला शिका. पॉन नावाचा दिवा स्थिर हिरवा असेल तर बाहेरची लाइन ठीक आहे. लॉस नावाचा लाल दिवा लुकलुकत असेल तर फायबरमधून प्रकाशच येत नाही. कुठेतरी वायर तुटली आहे, रस्ता खणला आहे किंवा उंदरांनी काम दाखवलं आहे. अशा वेळी राउटर दहादा बंद-चालू करून काही होत नाही. सरळ तक्रार नोंदवा.

वीज जाण्याचा त्रास असेल तर छोटा राउटर यूपीएस मिळतो, तो खरंच कामाचा. फक्त घेताना अडॅप्टरवरचा आकडा वाचा. बहुतेक राउटर १२ व्होल्टवर चालतात, पण काही ९ व्होल्टचे असतात आणि पिन दोघांची सारखीच दिसते. यूपीएसचा अँपिअर अडॅप्टरवर लिहिलेल्या आकड्याइतका किंवा जास्त चालतो, कमी चालत नाही.

दोन वेगळे पासवर्ड

इथे नव्या माणसाचा हमखास गोंधळ होतो. वायफायचा पासवर्ड वेगळा आणि राउटरचा पासवर्ड वेगळा. पहिला पाहुण्यांना देता तो. त्याने इंटरनेट मिळतं. दुसरा राउटरच्या आतल्या सेटिंगच्या पानाचा. त्याने पहिला पासवर्ड बदलता येतो, घरातलं कोण काय पत्ता उघडतंय हे दुसरीकडे वळवता येतं, सगळंच करता येतं. पहिला बदलून लोक निश्चिंत होतात आणि दुसरा कारखान्यातून आला तसाच राहतो: नावही ॲडमिन, पासवर्डही ॲडमिन.

याचं काय होतं ते २०१६ मध्ये जगाने पाहिलं. मिराई नावाच्या व्हायरसने लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, आणि त्यासाठी त्याच्याकडे कसली मोठी विद्या नव्हती. कंपन्यांनी ठरवून दिलेल्या नाव-पासवर्डच्या साठेक जोड्या होत्या, त्या तो एकामागून एक लावून बघायचा. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला अशा उपकरणांच्या फौजेने साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या डिन या कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट अमेरिकेत कित्येक तास अडखळल्या. ज्यांच्या घरातले कॅमेरे त्यात सामील होते त्यांना पत्ताही नव्हता.

आत शिरायचं कसं? फोन तुमच्या वायफायला जोडा आणि मोबाइल डेटा बंद करा. हे विसरलात तर फोन मधेच डेटावर उडी मारतो आणि पान उघडत नाही. ब्राउझरच्या वरच्या पट्टीत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ हा पत्ता इंग्रजी आकड्यांत टाका. स्टिकरवर वेगळा पत्ता असेल तर तो. तरीही नाही उघडलं तर फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये जोडलेल्या नेटवर्कच्या तपशिलात बघा, अँड्रॉइडवर गेटवे आणि आयफोनवर राउटर या नावापुढे तो लिहिलेला असतो. ब्राउझर "हे पान सुरक्षित नाही" असं म्हणेल. घरातल्या घरात, आपल्याच राउटरशी बोलताना हा इशारा चालवून घ्यायचा. लॅपटॉप असेल तर तो लॅन केबलने जोडून काम करणं जास्त बरं, कारण वायफायचं नाव बदललं की फोन लगेच तुटतो आणि अर्ध्यात अडकल्यासारखं होतं.

आत शिरलात की सगळ्यात आधी हा ॲडमिनचा पासवर्ड बदला. तो घराच्या वहीत लिहा. पासवर्ड कागदावर लिहू नये असं कुणी सांगेल, पण चोर कपाटापर्यंत आलाच असेल तर तो वायफायसाठी आलेला नसतो.

मोबाइल नंबर का नको

आता वायफायचा पासवर्ड. मोबाइल नंबर दहा आकडी म्हणजे भक्कम वाटतो. हिशोब करून बघू. भारतातले मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. तुमचा फोन वायफायला जोडला जातो तेव्हा दोघांमध्ये जी काही देवाणघेवाण होते, ती जिन्यात उभा असलेला माणूस लॅपटॉपवर टिपून घेऊ शकतो. मग तो घरी जातो आणि निवांतपणे एकेक पासवर्ड त्यावर लावून बघतो. तुमच्या राउटरला याची चाहूलही लागत नाही. गेम खेळायला घेतलेलं महागडं ग्राफिक कार्ड असे सेकंदाला दहा लाखांच्या आसपास पासवर्ड तपासतं. ४०० कोटी भागिले १० लाख, म्हणजे ४,००० सेकंद. तासाभराच्या थोडं वर. भारतातला कुठलाही मोबाइल नंबर असो, एवढ्यात सापडतो. आणि शेजाऱ्याला तर तेवढंही करावं लागत नाही, त्याच्याकडे तुमचा नंबर आहेच.

पासवर्ड ८ पासून ६३ अक्षरांपर्यंत ठेवता येतो, तर ती जागा वापरा. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द घ्या, इंग्रजी अक्षरांत लिहा, मधे एखादी रेघ आणि आकडा घाला. कोकम, सतरंजी, एसटी, पिंपळ असे काहीतरी. (हेच चार नको, ते आता छापून झाले.) एक अडचण येते ती सांगून ठेवतो. सतरंजीचं इंग्रजी स्पेलिंग तुम्ही एक करता आणि सासूबाई दुसरं, मग पासवर्ड चुकीचा आहे म्हणून घरात वाद. स्पेलिंग एकदा ठरवा आणि लिहून स्वयंपाकघराच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा.

नेटवर्कच्या नावात आडनाव आणि फ्लॅट नंबर नको. कुठलं नेटवर्क कोणाचं हे सबंध बिल्डिंगला कशाला सांगायचं? राउटरचं मॉडेल दाखवणारं कारखान्यातलं नावही बदला.

पासवर्डच्या त्याच पानावर सुरक्षेचा प्रकार निवडायचा असतो. डब्ल्यूपीए३ दिसलं तर ते, किंवा डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ मिश्र. डब्ल्यूपीए२ हे २००४ चं, डब्ल्यूपीए३ हे २०१८ चं. नुसतं डब्ल्यूपीए३ ठेवलं तर जुना प्रिंटर किंवा जुना टीव्ही जोडायला नकार देतो, म्हणून बहुतेक घरांत मिश्रच सोयीचं. वर सांगितलेली घरी नेऊन पासवर्ड लावून बघायची युक्ती डब्ल्यूपीए३ वर चालत नाही, पण मिश्र ठेवलं की जुनी उपकरणं डब्ल्यूपीए२ नेच जोडली जातात, तेव्हा लांब पासवर्ड हवाच. डब्ल्यूईपी नावाचा पर्याय अजूनही काही राउटरमध्ये लोंबकळतो. तो २००१ मध्येच मोडला गेलाय, त्याच्याकडे बघूही नका.

आणि डब्ल्यूपीएस बंद करा. बटण दाबून पासवर्डशिवाय जोडायची ही सोय, तिच्या पोटात एक आठ आकडी पिनही असते. आठ आकडे म्हणजे दहा कोटी शक्यता असं वाटतं. पण शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून निघतो, आणि राउटर पिन दोन तुकड्यांत तपासतो: पहिले चार बरोबर की चूक हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पहिल्या तुकड्याला १०,००० प्रयत्न, दुसऱ्याला १,०००. दहा कोटींचे ११,००० झाले. ही चूक २०११ मध्ये उघड झाली. तुमचा पासवर्ड कितीही लांब असला तरी ही पिन कळली की तो बाहेर येतो.

शेजाऱ्याला पासवर्ड दिला तर काय बिघडलं?

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना ईमेल गेला होता. पोलिसांनी माग काढला तो नवी मुंबईत सानपाड्यातल्या एका फ्लॅटपर्यंत आला. तिथे राहणाऱ्या परदेशी माणसाचं वायफाय उघडं होतं, आणि पाठवणाऱ्याने ते वापरलं होतं. त्या माणसाचा काही संबंध नव्हता, पण चौकशी त्याचीच झाली. पुढे मुंबई पोलिसांनी शहरात फिरून उघडी वायफाय शोधायची मोहीमही काढली.

शेजारी गुन्हेगार असतो असं मला म्हणायचं नाही. कनेक्शन ज्याच्या आधार कार्डावर आहे त्याच्या दारात पोलीस येतात, एवढंच. तुम्ही शेजाऱ्याच्या मुलाला दिलेला पासवर्ड त्याच्या चार मित्रांकडे जातो. हल्ली फोनवर क्यूआर कोड दाखवून वायफाय देता येतं, त्या कोडमध्ये पासवर्ड जसाच्या तसा लिहिलेला असतो. त्याचा स्क्रीनशॉट सोसायटीच्या ग्रुपवर गेला की संपलं.

नाही म्हणायचा संकोच वाटतो, तर त्यावर गेस्ट नेटवर्क हा उपाय आहे. राउटरच्या सेटिंगमध्ये ते चालू करा, वेगळं नाव, वेगळा पासवर्ड. पाहुणे, शेजारी, क्लासची मुलं सगळी तिथे. गणपतीत घर भरलेलं असतं तेव्हा खुशाल सगळ्यांना द्या आणि विसर्जन झालं की पासवर्ड बदला. तुमच्या स्वतःच्या फोन-लॅपटॉपला काही करावं लागत नाही. सीसीटीव्ही कॅमेरा, स्मार्ट प्लग, स्वस्तातला बल्ब यांनाही गेस्टवरच टाका. अशा वस्तूंचं सॉफ्टवेअर पुढे कुणी सुधारत नाही, त्यामुळे बँकेचं ॲप असलेल्या फोनशेजारी त्या नकोत. टीव्हीचं मात्र बघून ठरवा. फोनवरचं चित्र टीव्हीवर टाकायची सवय असेल तर दोघं एकाच नेटवर्कवर लागतात, कारण गेस्टवरच्या वस्तू मुख्य नेटवर्कला दिसत नाहीत.

दोन पट्टे

राउटर दोन नेटवर्क दाखवतो, एक २.४ आणि एक ५ गीगाहर्ट्झचं. २.४ भिंतीपलीकडे जास्त पोचतं पण गर्दीचं आणि हळू, ५ वेगवान पण एकदोन भिंतींत दमतं. १०० एमबीपीएसचा प्लॅन घेऊन ३० मिळतात अशी ओरड असते तेव्हा फोन बहुतेक २.४ वर असतो. फोन, लॅपटॉप, टीव्ही ५ वर. प्लग, कॅमेरे २.४ वर, बऱ्याच कॅमेऱ्यांना ५ कळतच नाही. फ्लॅट सिस्टीममध्ये २.४ चं चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी ज्यावर गर्दी कमी ते निवडा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. हीच तीन का, तर ती एकमेकांवर चढत नाहीत. शेजारच्यांची चॅनल दाखवणारी फुकट ॲप मिळतात.

प्लॅन १०० च्या वरचा असेल तर राउटरची लॅनची भोकं गिगाबिट आहेत का ते बघा. स्वस्त राउटरची १०० चीच असतात आणि मग ३०० चा प्लॅन घेऊनही केबलने ९५ च्या पुढे जात नाही.

उरलेली तीन बटणं

रिमोट मॅनेजमेंट किंवा वॅनकडून प्रवेश असं काही चालू असेल तर बंद करा. बाहेरगावाहून आपल्या राउटरचं पान उघडायची गरज घरगुती माणसाला पडत नाही. टीआर-०६९ असं दिसलं तर ते कंपनीचं आहे, त्याला हात लावू नका; त्यातूनच कंपनी तुमच्या डब्याचं सॉफ्टवेअर सुधारते. राउटर तुम्ही विकत घेतलेला असेल तर ते काम तुमचं: फर्मवेअर अपडेट आपोआप व्हायची सोय असेल तर चालू करा, नसेल तर दोनतीन महिन्यांनी बघत जा.

डीएनएसची ओळही एकदा वाचा. साइटच्या नावावरून तिचा पत्ता कुणाला विचारायचा हे ती ठरवते. तिथे कंपनीने दिलेला पत्ता किंवा ८.८.८.८, १.१.१.१ असे ओळखीचे आकडे असावेत. राउटर ताब्यात घेणारे बहुधा हीच ओळ बदलतात, मग बँकेचा पत्ता नीट टाकूनही भलतंच पान समोर येतं.

वेळ घालवू नये अशा दोन गोष्टीही आहेत. एक, नेटवर्कचं नाव लपवणं. शोधणाऱ्याला ते सेकंदात दिसतं, त्रास फक्त पाहुण्यांना होतो. दुसरी, मॅक फिल्टर लावून ठरावीक फोनच आत घेणं. मॅक पत्ता खोटा दाखवणं सोपं आहे, आणि नवे अँड्रॉइड आणि आयफोन मुळातच प्रत्येक नेटवर्कला वेगळा बनावट मॅक दाखवतात. जोडलेल्या उपकरणांच्या यादीत अनोळखी नाव दिसलं म्हणून घाबरण्याआधी हे आठवा. खात्री करायची सोपी रीत म्हणजे पासवर्ड बदलायचा आणि कोण तक्रार करतं ते बघायचं. ज्याच्याकडून तक्रार यायला नको होती त्याच्याकडूनही कधी कधी येते.

रिसेटचं भोक

मागे टाचणी घालायचं जे बारीक भोक असतं, ते चालू राउटरवर दहाएक सेकंद दाबलं की सगळं मूळपदावर जातं. स्वतःच्या राउटरचा ॲडमिन पासवर्ड विसरलात तर हाच मार्ग. पण कंपनीच्या डब्यावर हे करण्याआधी थांबा. त्यात कनेक्शनचं युजरनेम आणि इतर माहितीही पुसली जाऊ शकते, आणि ती वहीत नसेल तर रविवारी संध्याकाळी तो माणूस फोन उचलेपर्यंत घर ऑफलाइन. सगळं लावून झाल्यावर सेटिंगचा बॅकअप घ्यायचं बटण असतं, ते वापरून फाइल जपून ठेवली तर हा घोळ टळतो.

घर बदलताना किंवा जुना राउटर भंगारात देताना मात्र रिसेट आठवणीने करा, तुमचा पासवर्ड आणि कनेक्शनची माहिती त्यात तशीच पडलेली असते. डबा कंपनीचा असेल तर अडॅप्टरसकट परत करा आणि परत केल्याची पावती घ्या, नाहीतर डिपॉझिटसाठी चकरा मारत बसावं लागतं.